जर्मनचं बंपर

दुर्गहून रसमड्याकडे जाताना, कारखान्यांच्या भिंती सुरू होण्याआधी, मोहाची थोडी झाडं अजून उभी आहेत. मार्च उतरणीला लागला की त्यांची पानं जातात आणि फुलं पडायला लागतात. सकाळी ड्यूटीवर निघते तेव्हा झाडांखाली बाया वाकलेल्या असतात. खालचा पालापाचोळा जाळून त्यांनी जमीन काळी करून ठेवलेली असते, म्हणजे फूल पटकन दिसतं. त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळे, रसाने टम्म झालेले मणी सांडलेले असतात. वास आधी गोड लागतो, मग आंबूस, मग डोक्यात चढतो. हेल्मेटची काच खाली असली तरी तो आत शिरतोच.

ज्यांच्या घरात मोह वेचला जातो त्यांना या वासाने काय काय आठवत असेल. मला ॲल्युमिनियमचा कीस आठवतो. कानशीने घासल्यावर बोटांच्या रेषांत बसणारा, साबणानेही न जाणारा, चंदेरी-काळा. जीपचं बंपर केलं त्या सालचा सगळा मोह मी अशा हातांनी अनुभवला.

तेव्हा मी भिलाईत आईबाबांजवळच राहत होते. पावर हाउस म्हणतात त्या बाजाराच्या मागच्या बाजूला आमचं घर. बाबा पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले. त्यांचे वडील तुमसरकडून इथे आले होते, भट्ट्या उभ्या राहत होत्या तेव्हा. माझा मोठा भाऊ मिलिंद रेल्वेच्या यार्डात आणि मी रसमड्याच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात. माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वेल्डिंगवर संशय घेणं. सांधा वरून कितीही छान दिसला तरी आत पोकळी आहे का, ते पाहायचं. लोक म्हणतात ते काम कोरडं आहे. मला तसं कधी वाटलं नाही.

जीप दादाने फौजेच्या लिलावातून आणलेली. जुनी, चारही चाकं ओढणारी, पुढून थोडी चेपलेली. नंदिनी नगरच्या पलीकडे चुनखडीच्या बंद पडलेल्या खाणी आहेत. दर वर्षी मोहाच्या दिवसांत तिथे भिलाई-रायपूरचे गाडीवेडे लोक स्पर्धेला जमतात. खड्डे, चढ, निसरडे उतार, चुन्याचा चिखल. प्रत्येक गाडीत दोघं. एक चालवणारा आणि एक साथी. साथीने खाली उतरून, गाडीच्या पुढे उलटं चालत, हाताने रस्ता दाखवायचा. दादा चालवायचा, साथी मी. असे आमचे बरेच मोसम झाले होते.

त्या सालाच्या आदल्या मोसमात एका चढावर जीपचं बंपर अडकलं. पुढे आलेला त्याचा ओठ मातीत रुतला, चाक चढाला टेकायच्या आतच. आम्ही तिथेच बाद झालो. घरी येताना दादा म्हणाला, "सुजे, हे बंपर बदलाच लागते. नाई तं आपण दर साल इथंच फसू."

लोखंडाच्या गावात बंपर कशाचं घ्यायचं हा प्रश्न कोणाला पडत नाही. पण लोखंडी बंपर जड. ते पुढे लटकवलं की जीपचं नाक खाली जाणार, पुढच्या स्प्रिंगचे पाटे बसणार, उतारावर गाडी डोकं टेकवणार. फायबरचं हलकं असतं पण दगडाला लागलं की तडकतं. मी म्हटलं ॲल्युमिनियमचं करून घेऊ, जाड पत्र्याचं, दोन्ही टोकांना वर उचललेलं. हलकं, गंजणार नाही, ठोकर लागली तर वाकेल पण फुटणार नाही.

बाबा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी ऐकलं आणि चष्मा काढला.

"अल्मुनियम? जर्मनचं बंपर लावून राहिले का तुमी?"

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. दाळ शिजवायचं उभट भांडं, म्हणजे गंज, दुधाचं पातेलं.

"बाबा, हे तसं नाही. हे मजबूत असते," मी म्हटलं.

"मी जिंदगीभर लोखंड गरम करत आलो. अन् माह्ये लेकरं गाडीले पातेलं बांधून राहिले." त्यांना हसू येत होतं, पण थोडं लागलंही होतं. पुढे कितीतरी दिवस ते त्याला पातेलंच म्हणत राहिले.

ते दिवस सुखाचे होते, हे मला लिहिलंच पाहिजे, कारण नंतर सगळ्यावर एकच रंग चढला. मी कारखान्यातून सुटले की दादा पावर हाउसच्या चौकात भेटायचा. उसाचा रस प्यायचा आणि दुकानं पालथी घालायची. एका दुकानदाराने अस्सल ॲल्युमिनियम म्हणून चकचकीत बंपर समोर ठेवलं. मी खिशातून चुंबक काढून लावलं, ते टप्पकन चिकटलं. दुकानदार दुसरीकडे पाहायला लागला. दादा बाहेर येऊन पोट धरून हसला. "तुह्यासोबत बाजारात येणं म्हणजे पोलिसासोबत येणं आहे," तो म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी सांधे वरून घासून गुळगुळीत केले होते. वेल्ड घासून टाकलं की त्याची ताकद जाते, पण दिसायला सुंदर दिसतं. तेही सोडलं. शेवटी आम्ही ठरवलं की तयार घ्यायचंच नाही. थॉमस अंकलच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मापाचं करून घ्यायचं. अंकल मूळचे केरळचे, पण त्यांचा सगळा जन्म भिलाईत गेलेला.

मापं घ्यायला मी पुठ्ठ्याचा साचा कापला. अंगणात जीपपुढे मांडी घालून बसायचे आणि पुठ्ठा चेसिसला लावून पाहायचे. चाक पूर्ण वळलं तर बंपरच्या कोपऱ्याला घासेल का? रेडिएटरला हवा मिळेल का? हेडलाइटचा उजेड अडेल का? आई चहा तिथेच आणून द्यायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, पोरीच्या जातीला हे काय वेड. आई म्हणायची, "तिले आवडते नं." तेव्हा ती माझ्या बाजूची होती असं मला वाटायचं.

बंपर तयार होऊन आलं तेव्हा त्याला रंग नव्हता. नुसता धातू, राखी चमकणारा. दादाने आणि मी दोन्ही टोकांना धरून उचललं आणि दोघंही चकित झालो, इतकं हलकं. जुनं काढताना आम्हाला शेजारच्या दोघांना हाका माराव्या लागल्या होत्या.

बसवायला रविवारचा दिवस गेला. भोकांच्या कडा मी कानशीने घासून घेतल्या. जुने बोल्ट गंजून धरले होते, त्यांना तेल पाजून पाजून सोडवलं. लोखंडी चेसिसला ॲल्युमिनियम सरळ टेकवायचं नसतं. मध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. म्हणून प्रत्येक जागी रबराची पट्टी, प्रत्येक बोल्टाखाली नायलॉनचं वायसर. बोल्ट एकदम आवळायचे नाहीत. सगळे हाताने लावायचे, बंपर डावी-उजवी सारखं करायचं, मग थोडं थोडं, एकदा हा, एकदा तो. दादा खालून पाना धरायचा, मी वरून फिरवायचे. मोहाच्या वासात ग्रीसचा वास मिसळलेला होता.

एकच गोष्ट राहिली. गाडी फसली की तिला पट्ट्याने ओढून काढतात. तो पट्टा ज्या हुकाला लावायचा, तो हुक नुसत्या ॲल्युमिनियमला लावलेला चालत नाही. ओढ बसली की भोक लांबतं आणि हुक तुटून गोळीसारखा सुटतो. समोर माणूस असेल तर संपलंच. हुकाच्या मागे लोखंडाची जाड पाटी हवी, चेसिसला बांधलेली. ती पाटी मी आमच्या कारखान्यात साहेबांना विचारून कापून घेतली होती, पण गंजू नये म्हणून तिच्यावर जस्त चढून यायचं होतं. हुक तोवर नुसते दिसण्यापुरते लावले.

"दादा, पाटी येईपर्यंत या हुकाले पट्टा लावू नको. ध्यानात ठेव."

"हो वं, समजते मले," तो गाडीखालून म्हणाला.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आम्ही लहान होतो तेव्हा बाबांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे. छोटं क्वार्टर, एकच खोली. आवाज केला की मार. म्हणून दादाने आणि मी हातांची भाषा काढली. मूठ म्हणजे थांब. दोन्ही तळवे हळूहळू खाली म्हणजे सावकाश. तळवा डोक्यावर म्हणजे मागे पाहू नको. कानाला बोट म्हणजे बाबा जागे होऊन राहिले. सबंध दुपार आम्ही एकही शब्द न बोलता खेळायचो, भांडायचोसुद्धा. खाणीत पहिल्यांदा उतरलो तेव्हा इंजिनच्या आवाजात काही ऐकू येईना आणि माझे हात आपोआप तीच भाषा बोलायला लागले. कानाला बोट म्हणजे आता इंजिनवर ताण येतोय, ऐक. बाकीचे लोक नुसतं डावं-उजवं दाखवायचे. आमच्याकडे वाक्यं होती.

मोह भरात आला. खाणीतल्या जमावाची तारीख जवळ आली आणि एका संध्याकाळी दादा जेवताना म्हणाला, "या वर्षी होत नाई. परमिशन नाई भेटली."

"कावून?"

"काय माहीत. खाणवाल्यायचं काई तरी आहे."

मला वाईट वाटलं, इतकंच. ताटात वांग्याची भाजी होती. आईने दादाला पुन्हा वाढली. मी विचारलं, "मंग पुढच्या वर्षी?" तो म्हणाला, "हो, पाहू." मी त्याच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. कशाला पाहायचं?

त्या शनिवारी मी ड्यूटीवर होते. जेवणाच्या सुट्टीत आमच्या खात्यातले दुबेजी फोनवर एक व्हिडिओ घेऊन आले. "मैडम, ये तो आपके भैया की गाड़ी है न? सुबह का है, नंदिनी तरफ का."

मी आधी बंपर ओळखलं. माझ्या पुठ्ठ्याचा आकार, वर उचललेली टोकं, रंग न दिलेला राखी धातू. मग खाण ओळखली. मग दादा, स्टिअरिंगवर वाकलेला. जीपच्या पुढे एक तरुण मुलगा उलटा चालत होता, डोक्यावर टोपी, पायात नवे बूट. त्याने दोन्ही तळवे हळूहळू खाली नेले. जीप सावकाश उतरली. त्याने तळवा डोक्यावर ठेवला. मग कानाला बोट लावलं.

दुबेजी म्हणाले, "बढ़िया चला रहे हैं." मी हो म्हटलं.

एखादा माणूस अशी भाषा एका दिवसात शिकत नाही. चढावर, उतारावर, परत परत करून ती अंगात बसते. म्हणजे दादाने त्याला शिकवली होती. ज्या रविवारी यार्डात जादा ड्यूटी आहे म्हणून तो जीप घेऊन जायचा, त्या रविवारी. मी अंगणात बसून पुठ्ठा कापत होते, त्या दिवसांत. उसाचा रस पिताना तो फोन घेऊन रस्त्यापलीकडे जायचा, तेव्हासुद्धा.

मी घरी फोन लावला. "आई, दादा कुठं आहे?"

आई गप्प राहिली. माझी आई खोटं बोलताना आधी गप्प राहते. "ड्यूटीवर असन."

"आई."

"मले सांगतलं होतं त्यानं," ती हळूच म्हणाली. "तुले वाईट वाटन म्हून नाई सांगतलं. भाऊच आहे नं तो. मनावर घेऊ नको."

तिने सकाळी त्याला डबा भरून दिला होता. दोघांचा.

फोन ठेवला आणि तो व्हिडिओ मी पुन्हा मागून घेतला. या वेळी मी शेवटपर्यंत पाहिला. शेवटी जीप चिखलात बसते आणि तो मुलगा पट्टा आणून पुढच्या हुकाला अडकवतो. तिथेच व्हिडिओ संपतो. पाटी माझ्या टेबलाखाली होती. जस्त चढून दोन दिवस आधी आली होती, कापडात गुंडाळलेली. आता जमाव होणारच नव्हता तर घाई कसली, म्हणून मी ती घरी नेली नव्हती.

मला तिथे जायचं नव्हतं, हे खरं. वाटत होतं की जाऊ नये, त्यांचं ते पाहतील. पण त्या पट्ट्यासमोर तो मुलगा उभा होता आणि त्याला काही माहीत नव्हतं. साहेबांना सांगून निघाले. दुबेजींनी गाडीवर सोडलं. पाटी मांडीवर, पाना-बोल्ट पिशवीत. रस्त्याने दुतर्फा मोह पडलेला, चाकांखाली चेंगरलेला, आणि तो वास.

खाणीच्या काठावर मांडव होता, भोंगा होता, लोक होते. दादाने मला लांबून पाहिलं आणि हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"सुजे, तू कशी काय?"

"हुकाले पट्टा लावला होता तुमी."

"एकच बार लावला. हलकंच ओढलं."

"जॅक दे."

तो मुलगा पुढे आला. रायपूरचा, विक्की नावाचा. "नमस्ते दीदी," म्हणाला. "भैया आपकी बहुत तारीफ़ करते हैं." त्याला खरंच काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं मी स्वतःच साथीचं काम सोडलंय.

मी गाडीखाली गेले. चुन्याची पांढरी माती पाठीला लागली. डावीकडच्या हुकाचं भोक लांबट झालं होतं, नखाएवढंच. आणखी एक जोराचा झटका आणि काय झालं असतं ते मी डोळ्यांपुढे आणू दिलं नाही. दादा शेजारी येऊन आडवा झाला. अंगणातल्यासारखाच पाना धरला. आमची तोंडं हातभर अंतरावर होती.

"कावून, दादा?"

मी बोल्ट आवळत राहिले. एकदा हा, एकदा तो.

"लोक हसत होते," तो शेवटी म्हणाला. "पोट्टे म्हणत, मिलिंद बहिणीच्या इशाऱ्यावर चालते. मले नाई आवडत होतं ते."

"मंग मले सांगायचं नं."

"कसं सांगू? तू तं बंपर बनवून राहिली होती."

माझ्या हातातला पाना थांबला. मी बंपर बनवून राहिले होते म्हणून त्याने सांगितलं नाही. आधी सांगितलं असतं तर मी बनवलं नसतं. हे त्याला माहीत होतं, आणि हे तो मला गाडीखाली पडून, अगदी साध्या आवाजात सांगत होता. मला वाटतं आपण काय बोललो ते त्यालाही तेव्हा समजलं. त्याने डोळे मिटले.

मी उरलेले बोल्ट आवळले. पट्टा लावून, सगळ्यांना दूर करून, एकदा ओढून पाहिला. पाटी हलली नाही. विक्कीला बाजूला घेऊन सांगितलं की ओढताना पट्ट्याच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही. तो मन लावून ऐकत होता. मग मी मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेले आणि ऑटो पकडला.

दुसऱ्या दिवशी दादा ढाल घेऊन घरी आला. दुसरा नंबर. आईने ओवाळलं. बाबांनी ढाल हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, "सुजाताचं नाव कुठं आहे याच्यावर?" त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. ते समजत होते की शनिवारी आम्ही दोघं गेलो होतो. मग मीच सांगितलं, सगळं, पहिल्यापासून, आवाज न चढवता. दादा दारात उभा होता. आई म्हणाली, "आता झालं नं, सोड." बाबांनी ढाल दादाच्या हातात परत दिली. तिथे टेबल होतं, शोकेस होती, पण त्यांनी ती त्याच्या हातातच दिली आणि अंगणात गेले. काही दिवसांनी मी दुर्गला खोली घेतली. कारखाना जवळ पडतो, असं सगळ्यांना सांगते.

लोक म्हणतात की काळ गेला की धार बोथट होते. मला अनुभव वेगळा आला. त्या मोसमातली चांगली दुपार आठवली की लगेच प्रश्न येतो, तेव्हा त्याला माहीत होतं का? चुंबक टप्पकन चिकटलं आणि तो हसला, तेव्हा? बंपर दोघांनी उचललं, तेव्हा? दगा झाला तो त्या शनिवारी, पण तो तिथे थांबला नाही. मागे मागे गेला आणि उसाच्या रसापर्यंत पोचला. क्वार्टरमधल्या त्या मुक्या दुपारींपर्यंतही पोचेल की काय, याची मला भीती वाटते. तिथे मी अजून त्याला शिरू दिलेलं नाही.

आमचं बोलणं बंद झालेलं नाही. सणाला, जयंतीला मी घरी जाते. दादाने दोनदा माफी मागितली, दोन्ही वेळा मनापासून. मागच्या महिन्यात तो दुर्गला येऊन गेला. विक्कीने स्वतःची गाडी घेतली आहे. "चाल न या वर्षी," दादा म्हणाला. मी चहा केला. नाही म्हटलं.

"अजून राग आहे का?"

"राग नाई, दादा," मी म्हटलं. राग असता तर त्याचं काही करता आलं असतं.

परवा बाबांना ताप होता. संध्याकाळी दादाचा फोन आला. "उतरला ताप. खिचडी खाल्ली त्यायनं. तू उगीच धावत येऊ नको, उद्या सकाळची ड्यूटी आहे तुही." त्याच्या आवाजात काळजी होती. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. खिडकीतून कुठूनतरी मोहाचा वास येत होता. मग बाबांना फोन लावला.

ताप उतरला होता. खिचडीही खाल्ली होती. दादा खरं बोलला होता.